जे घडलेच नाही, ते लिहून कसे द्यायचे?

आमच्या घरात पहिली मोटार आली ती अब्बांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, निवृत्तीनंतर. नाशिकरोडच्या नोटप्रेसमध्ये त्यांनी ३४ वर्षे नोकरी केली. फंडाच्या पैशांतून आधी नणंदेचे लग्न झाले, मग अम्मींच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले, आणि जे उरले त्यातून २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये ७ लाख ४० हजारांची छोटी गाडी घेतली. कर्ज एक रुपयाचेही नाही. अब्बांच्या डाव्या पायाला त्रास असल्याने क्लच नसलेली, आपोआप गिअर बदलणारी गाडी निवडली. वॉरंटी तीन वर्षे किंवा एक लाख किलोमीटर, यांपैकी जे आधी होईल ते.

२०२४ च्या रमजानमध्ये, इफ्तारच्या थोडे आधी, द्वारका चौकातल्या गर्दीत ती गाडी थांबली ती थांबलीच. गिअर पडेना. टो करून वर्कशॉपमध्ये नेली. तेव्हा गाडीला अडीच वर्षेही झाली नव्हती आणि ती २८ हजार किलोमीटर चालली होती. त्यामुळे आम्ही निश्चिंत होतो.

तिसऱ्या दिवशी वर्कशॉपमधून निरोप आला. गिअर बदलणारा भाग, ज्याला ते अ‍ॅक्च्युएटर म्हणतात, तो निकामी झाला आहे. त्यात पाणी शिरले आहे, म्हणून वॉरंटीत बसत नाही. खर्च ७८ हजार रुपये.

आम्ही गप्प झालेले पाहून तिथल्या मुलाने आवाज खाली करून उपाय सांगितला, "चाचा, इन्शुरन्समधून करून देतो. फॉर्मवर एवढेच लिहून द्या की गाडी अवकाळी पावसात पाण्यात अडकली होती. तारखेचे आम्ही बघतो."

माझे पती अंबडच्या कारखान्यात शिफ्टमध्ये काम करतात. रोजा, रात्रपाळी आणि त्यात ही धावपळ. त्यांना वाटले, सगळेच असे करतात तर उरकून टाकू. पण अब्बा म्हणाले, "गाडी पाण्यात गेलीच नाही. जे घडलेच नाही, ते मी लिहून कसे देऊ?"

तो मुलगा हसला. अब्बा हसले नाहीत.

घरी आल्यावर मला त्या उपायातली खरी गोम लक्षात आली. विमा आणि वॉरंटी या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. बाहेरून काही संकट आले, म्हणजे अपघात, चोरी, पूर, तर विमा. गाडीच्या भागात किंवा जोडणीत मुळातच दोष असेल, तर वॉरंटी, आणि ती कंपनीची जबाबदारी. आम्ही "पाण्यात अडकली" असे सहीनिशी लिहून दिले असते, तर विमा कंपनीला खोटे सांगितल्याचा दोष माथी आलाच असता. शिवाय भागात दोष होता हे म्हणायला पुढे तोंडच उरले नसते. आमच्याच सहीने गाडी बनवणारी कंपनी मोकळी झाली असती.

म्हणजे आमच्यापुढे दोन वाटा ठेवल्या होत्या. ७८ हजार भरा, नाहीतर खोटे लिहा. तिसरी वाट कागदाची होती.

नोटप्रेसमध्ये एकेका कागदाचा हिशोब द्यावा लागतो. अब्बांची ती सवय घरातही आहे. गाडीचे बिल, वॉरंटीची पुस्तिका, प्रत्येक सर्व्हिसिंगची पावती एका फाइलमध्ये तारखेप्रमाणे लावलेली होती. मी शाळेत मराठी शिकवते, म्हणून पत्रे लिहायचे काम माझ्याकडे आले. पहिल्या ईमेलमध्ये आम्ही भांडलो नाही. चार गोष्टी विचारल्या. वॉरंटी नाकारण्याचे कारण लेखी द्या. वॉरंटीच्या कोणत्या कलमानुसार नाकारता ते सांगा. पाणी शिरले हे कोणत्या तपासणीवरून ठरवले, तिचा अहवाल व फोटो द्या. आणि काढलेला जुना भाग फेकू नका, जपून ठेवा.

तोंडी नकार देणे सोपे असते. तोच लेखी मागितला की नाकारणाऱ्यालाही दोनदा विचार करावा लागतो. आठवड्याने एका ओळीचे उत्तर आले, "बाह्य कारणामुळे नुकसान." कलम नाही, अहवाल नाही, फोटो नाही.

मग फाइल उघडली. गाडीच्या सगळ्या सर्व्हिसिंग त्याच वर्कशॉपमध्ये झाल्या होत्या. शेवटची जानेवारीत. त्या तपासणीच्या कागदावर गाडीच्या खालच्या भागापुढे त्यांनीच 'ठीक' अशी खूण केली होती. पाणी शिरले असेल तर ते जानेवारी ते मार्च या कोरड्या दिवसांतच शिरायला हवे. गोदावरीला पूर आला की पाणी किती चढले हे नाशिककर दुतोंड्या मारुतीवरून सांगतात. आमची गाडी उभी राहते वडाळा रोडला, नदीपासून दूर. अब्बा म्हणाले, "मारुतीचे पाय कोरडे असताना आमच्या गाडीच्या पोटात पाणी कुठून आले, तेवढे विचार." मी ते सभ्य भाषेत विचारले.

मे महिन्यात कंपनीकडून प्रस्ताव आला, 'सद्भावना' म्हणून निम्मा खर्च कंपनी देईल. दोन महिने रिक्षाने फिरून आम्ही थकलो होतो. ईदच्या नमाजलाही अब्बा मोटारसायकलवर मागे बसून ईदगाहला गेले होते. नातेवाईक म्हणाले, "घेऊन टाका. सब्र करा, मोठ्या कंपनीशी कुठे लढता?" मोह मलाही झाला. पण सोबतच्या पत्रावर सही करायची होती, आणि त्यात लिहिले होते की ही दुरुस्ती वॉरंटीत येत नाही हे ग्राहकाला मान्य आहे. पुन्हा तेच! अब्बांनी पत्र परत पाठवले. त्यांचे म्हणणे असे की सब्र संकटावर करायचा असतो. हक्काचे मागायला तो आड येत नाही.

नंतर आम्ही वर्कशॉप व कंपनी या दोघांनाही पंधरा दिवसांची नोटीस दिली. दोघांना देणे महत्त्वाचे आहे. गोव्यातील एका ग्राहकाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितले की विक्रेत्याच्या चुकीसाठी उत्पादक आपोआप जबाबदार ठरत नाही. उत्तर न आल्याने जूनमध्ये जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे तक्रार दाखल केली.

इथे वाचक भगिनी-बंधूंना काही गोष्टी सांगाव्याशा वाटतात, कारण कोर्ट म्हटले की आपल्या घरांत घबराट होते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा आहे आणि तो २० जुलै २०२० पासून लागू झाला. वस्तूसाठी मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगाकडे जाते. ५ लाखांपर्यंत फी नाही. ५ ते १० लाखांसाठी २०० रुपये. आम्ही २०० रुपयेच भरले. वकील लावलाच पाहिजे असे नाही. कंपनीचे कार्यालय चेन्नईत असो वा दिल्लीत, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षे. पोटापाण्यासाठी स्वतः रिक्षा किंवा शाळेची व्हॅन चालवणारा माणूसही या कायद्याने ग्राहकच आहे. आणि दोष तपासणीशिवाय कळणार नसेल, तर आयोग ती वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. म्हणूनच जुना भाग जपून ठेवायला सांगायचे.

मागणी किती करावी हेही समजून घ्यावे. मारुती कंपनीच्या एका प्रकरणात २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की वॉरंटी सदोष भाग दुरुस्त करण्याची किंवा बदलण्याची असेल, तर पूर्ण नवी गाडी देण्याचा आदेश योग्य नाही. रागाच्या भरात नवी गाडी मागून उपयोग नाही. दुसरीकडे, २०२२ च्या एप्रिलमध्ये ह्युंदाईच्या प्रकरणात याच न्यायालयाने ग्राहकाला मोठा धीर दिला. अपघातात एअरबॅग उघडल्या नव्हत्या. पुरेशा जोराचा धक्का बसला नाही, असे कंपनीचे म्हणणे होते. न्यायालय म्हणाले, ग्राहक भौतिकशास्त्राचा तज्ज्ञ असावा, त्याने वेग आणि बलाचे गणित मांडावे, अशी अपेक्षा धरता येत नाही. हे वाचून मला बरे वाटले, कारण अ‍ॅक्च्युएटर कसा चालतो हे मला आजही सांगता येणार नाही.

आमचे प्रकरण निकालापर्यंत गेलेच नाही. तक्रारीची प्रत पोहोचल्यावर कंपनीच्या वकिलांनी तडजोडीची तयारी दाखवली. ऑगस्टमध्ये भाग बदलून मिळाला, मजुरीसह विनामूल्य, आणि कागदावर शब्द होते 'वॉरंटीअंतर्गत'. रिक्षाभाड्याचे १८ हजार मागितले होते, ते मिळाले नाहीत. ते आम्ही सोडले. पाण्याचा अहवाल मात्र शेवटपर्यंत कुणी दाखवला नाही.

त्यानंतर मोहल्ल्यातले तीन-चारजण अब्बांकडे कागद घेऊन आले. कुणाचा फ्रिज, कुणाची बॅटरीवर चालणारी रिक्षा. अब्बा सर्वांना आधी एकच विचारतात, "नकार लेखी आहे का?" नसेल तर तो मागायला पाठवतात. ज्यांना पत्र लिहायचे कठीण वाटते त्यांना १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीत तक्रार नोंदवायला सांगतात. आयोगाकडची तक्रार आता ई-जागृती या सरकारी पोर्टलवरूनही करता येते. आणि कोणत्याही छापील फॉर्मवर सही करण्याआधी तो घरी आणून, शांतपणे, मोठ्याने वाचायला सांगतात. वाचताना एखादे वाक्य खोटे वाटले, तर सही करायची नाही.