पोटातील बिऱ्हाडकरू

अन्न पोटात जाणे निराळे आणि ते अंगी लागणे निराळे, हे आपल्या घरांतील वडीलधारी बायकामाणसे पूर्वापार सांगत आली आहेत. कोंबडीच्या बाबतीत हे बोल किती खरे आहेत, याचा उलगडा मात्र आम्हांला पन्नाशी उलटल्यावर झाला. आणि तोही अंड्याने ज्या घराचा उंबरठा कधी ओलांडला नाही, अशा घरात राहून!

निमित्त झाले एका माजी विद्यार्थ्याचे. इंदूरपासून जवळच त्याने अंड्यांसाठी दोन हजार कोंबड्यांची शेड उभारली आहे. तो एक पुडी घेऊन आला व म्हणाला, "सर, खाद्यात मिसळायची ही जीवाणूंची पूड. विकणारा म्हणतो, खाद्य कमी लागेल. निम्म्याहून अधिक पैसा खाद्यातच जातो. यंदा तोंडमिळवणी झाली नाही, तर शेड बंद करावी लागेल. घेऊ का?" मराठीच्या एम.ए.ला हा प्रश्न! परंतु विद्यार्थ्याने विचारल्यावर 'हा आमचा विषय नव्हे' असे म्हणणे आमच्याने होत नाही. आम्ही शाळेतील जीवशास्त्राच्या शिक्षकांना गाठले आणि पुस्तके चाळली.

आपल्या माळव्यात सोयाबीन पिकते. तेल काढल्यावर उरलेली पेंड मक्याबरोबर कोंबडीच्या पुढ्यात पडते. पेंडीत प्रथिने भरपूर. परंतु तिच्यातील काही शर्करा आणि धान्यातील तंतुमय द्रव्ये फोडणारी एंझाइमे, म्हणजे पाचक द्रव्ये, कोंबडीचे शरीर स्वतः तयार करीत नाही. धान्य व पेंड यांतील स्फुरदाचाही सुमारे दोन-तृतीयांश भाग फायटेटच्या रूपात जणू कुलूपबंद असतो. तो बराचसा विष्ठेवाटे बाहेर पडतो आणि मालक स्फुरद पुन्हा विकत आणून खाद्यात घालतो! या कुलुपांच्या किल्ल्या काही जीवाणूंजवळ असतात. बॅसिलस सबटिलिस हा त्यांपैकी एक. तो पिष्ट व प्रथिने फोडणारी एंझाइमे स्रवतो, त्याचे काही वाण तंतू आणि फायटेटही फोडतात. शिवाय खाद्याच्या गोळ्या करतानाची उष्णता त्याचे बीजाणू सोसू शकतात.

मग असे उपकारक बिऱ्हाडकरू कोंबडीच्या पोटात आधीच पुरेसे का नसावेत? खुडूक कोंबडीखाली एकवीस दिवसांनी निघालेले पिल्लू आईमागे उकिरडा उकरीत फिरते आणि तिच्या पोटातील जीवाणू नकळत उचलते. उबवणी यंत्रातील पिल्लाला आई दिसतच नाही. शेडमध्ये जे जंतू भेटतील, तेच त्याच्या पोटी बिऱ्हाड करतात. फिनलंडमध्ये १९७१ साली कोंबड्यांत साल्मोनेलाचा प्रादुर्भाव झाला, तेव्हा नुर्मी व रांताला या संशोधकांनी निरोगी प्रौढ कोंबड्यांच्या आतड्यांतील द्रव्य नवजात पिल्लांना दिले. ती पिल्ले त्या जंतूला सहजासहजी बळी पडेनात. हे संशोधन १९७३ साली प्रसिद्ध झाले. आईने फुकट दिले असते, ते आता मुद्दाम द्यावे लागते, हे वाचून आमच्यातील शिक्षक अंतर्मुख झाला.

पूर्वीचा सोपा मार्ग म्हणजे खाद्यात रोज थोडे प्रतिजैविक घालणे. त्यातून औषधांना न जुमानणारे जंतू वाढतात आणि ते माणसांपर्यंतही पोहोचू शकतात. म्हणून युरोपीय संघाने केवळ वाढीसाठी ती देण्याची प्रथा १ जानेवारी २००६ पासून बंद केली. भारतानेही २०१९ साली अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांत कोलिस्टिन वापरण्यास बंदी घातली.

परंतु म्हणून प्रत्येक पुडी गुणकारी ठरत नाही. खाद्य, हवा व स्वच्छता यांप्रमाणे फळ बदलते. आम्ही विद्यार्थ्यास सांगितले, "पुडीवर जीवाणूचे नाव, संख्या आणि मुदत नसेल, तर घेऊ नकोस. असेल, तर शेडमध्ये जाळी लावून निम्म्या कोंबड्यांनाच दे. दोन्हींकडचे खाद्य आणि अंडी रोज मोजून वहीत लिही."

हल्ली दर रविवारी तो वही घेऊन येतो आणि आम्ही बेरजा तपासतो. शेड टिकेल की नाही, हे अजून सांगता येत नाही. मात्र त्याचा निर्णय विकणाऱ्याच्या जिभेवर न होता तराजूच्या काट्यावर होईल, एवढे समाधान आम्हांला आहे.