दोन मीटरांची बेरीज

आपल्याकडचा मेस्त्री जुनी गाडी बघताना आधी विचारतो, “एष्टु ओडिदे?” मराठीतही आपण ‘किती पळाली?’ असंच म्हणतो. भोपाळला मात्र गाडी ‘चलती है’. पळो की चालो, उत्तर मीटरवर शोधायचं, ही सवय सगळीकडे सारखीच.

भोपाळचा बरखेडा म्हणजे भेलची वसाहत. 1956 साली हेवी इलेक्ट्रिकल्स स्थापन झाली आणि कारखान्याभोवती हा परिसर वाढला. नोकरीसाठी तिथे गेलेल्या मराठी मंडळींत माझ्या पत्नीचे मामाही होते. ते गेल्यावर त्यांची 2016 ची 125 सीसी मोटारसायकल दारात उभी राहिली. आमच्या चिरंजीवांना कॉलेजसाठी गाडी हवी होती, म्हणून मी गेलो. मामींची तक्रार वेगळीच होती. जुन्या गाड्यांचा एक व्यापारी येऊन, “माताजी, मीटर पीछे किया हुआ है,” असं सांगून निम्मी किंमत बोलून गेला होता.

“जावईबापू, पैशांचं जाऊ दे,” मामी म्हणाल्या. “पण ह्यांनी असं केलं असेल का हो?”

मीटरवर 11,240 किलोमीटर होते. नऊ वर्षांत एवढेच? वसाहतीतून कारखान्यापर्यंत ये-जा करणाऱ्याचं रनिंग कमी असू शकतं, हे खरं. पण फुटरेस्टचं रबर गुळगुळीत झालेलं, ब्रेकच्या पॅडलवरच्या रेघा पुसलेल्या, चेन-स्प्रॉकेटचे दात एका बाजूला कललेले. टायरवर चार आकड्यांचा शिक्का असतो, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. मागच्या टायरवर 1821 होतं. म्हणजे मूळचा टायर झिजून बदललेला. अकरा हजारांत एवढं होत नाही. व्यापाऱ्याचा डोळा चुकला नव्हता.

मग मी कागद मागितले. मामांनी सर्व्हिसची बिलं तारखेप्रमाणे टाचून ठेवली होती. दर बिलावर रीडिंग असतं. ते क्रमाने वाचलं की गाडीचं आयुष्य कळतं. 2020 च्या एका बिलात ‘मीटर असेंब्ली बदलली’ असं होतं आणि समासात मामांच्या अक्षरात ‘जुने मीटर 27,860’. नवं मीटर शून्यापासून सुरू झालेलं. दोन्हींची बेरीज 39,100. वर्षाला साधारण साडेचार हजार, म्हणजे दिवसाला बारा किलोमीटर. हे पटण्यासारखं होतं.

मामींनी तो कागद दोनदा वाचला आणि चष्मा पुसत आत गेल्या.

पण बिलांनी दुसरंही सांगितलं. शेवटच्या काळात चौदा महिने ऑइल बदललेलं नव्हतं. ते मामांच्या आजारपणाचे महिने. गाडी उभी असली तरी ऑइल जुनं होतंच, आणि तुरळक जवळच्या फेऱ्यांत इंजिन नीट तापत नाही, बॅटरीही बसते. सकाळी इंजिन थंड असताना मी गाडी सुरू करून पाहिली. आवाज साफ, धूर नाही. तरी चेनसेट, दोन्ही टायर, बॅटरी यांचा खर्च मी मामींसमोर कागदावर मांडला. नात्यात हे बोलायला जीभ अडखळते, पण न बोलता घेतलेली गाडी पुढे प्रत्येक सणाला जेवणात येते.

कागदपत्रांना वेळ लागला. आधी फॉर्म 31 भरून गाडी मामींच्या नावावर, मग विक्रीचे 29 आणि 30, आणि राज्याबाहेर न्यायची म्हणून 28 क्रमांकाची एनओसी. कर्नाटकात आजीवन कर पुन्हा भरावा लागतो, गाडीच्या वयाप्रमाणे कमी झालेला. किंमत ठरवताना तोही धरावा.

विक्रीची पावती मामींनी स्वतः लिहिली. रकमेखाली त्यांनी दोन्ही मीटरचे आकडे मांडले, बेरीज केली, सही केली आणि 2020 च्या बिलाची झेरॉक्स जोडली. मूळ बिल त्यांनी स्वतःकडे ठेवून घेतलं.