दुसऱ्याची कविता

आपली कविता दुसऱ्याच्या हातीं देऊन "कशी वाटली?" असें विचारणारा मनुष्य त्या क्षणापुरता अगदीं निराधार असतो. "सहज लिहिली आहे, वेळ मिळाला तर पाहा," असें तो हसून म्हणतो खरा. परंतु आपले डोळे कोणत्या ओळीवर थांबले आणि कोणत्या ओळीवरून घसरले, हें तो चोरून पाहत असतो. अशा वेळीं सुशिक्षित मंडळींचीं ठराविक उत्तरें दोन. एक, "छान आहे", दुसरें, "येथें इकार दीर्घ हवा." पहिलें उत्तर कविता न वाचतांही देतां येतें. दुसरें देणारा ती वाचतो, पण मुद्रितें तपासणाऱ्याच्या डोळ्यांनीं. दोघेही सभ्य असतात, आणि कवि बिचारा दोघांचेही आभार मानून घरीं जातो.

वर्गांत कविता शिकविणें त्या मानानें पुष्कळ सोपें. वर्डस्वर्थविषयीं वाटेल तें बोलावें. तास संपल्यावर तो कांहीं दाराशीं उभा नसतो. जिवंत कवीच्या समोर बसून त्याच्या कवितेविषयीं बोलावयाचें म्हणजे काय, हें आम्ही शिकलों तें वर्गाबाहेर. येथें सोलापुरांत महिन्यांतून एका रविवारीं सायंकाळीं दहा-बारा मंडळी आमच्या घरीं जमतात. कविता आठ दिवस आधीं सर्वांना पोंचते. कवीनें ती एकदां वाचावयाची आणि मग गप्प बसावयाचें, एवढाच आमचा नियम. हा नियम पाळणें कवीला जितकें जड जातें, त्याहून ऐकणाऱ्यांना अधिक जड जातें. कारण कवि गप्प बसला कीं बोलण्याची जबाबदारी आपल्यावर येते.

मराठींत ही रीत नवी नव्हे. १९२३ सालीं पुण्यास निघालेलें रविकिरण मंडळ हें अशाच बैठकींतून वाढलें. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे आणि मनोरमाबाई रानडे प्रभृति मंडळी रविवारीं चहाच्या निमित्तानें जमत आणि एकमेकांना कविता वाचून दाखवीत. लोकांनीं त्यांची यथेच्छ थट्टा केली. अत्र्यांच्या 'झेंडूचीं फुलें' (१९२५) ह्या विडंबनसंग्रहांतील बराचसा मारा ह्याच मंडळींवर होता. पण आम्हांला विचाराल तर विडंबन हाही एक अभिप्रायच, आणि तोही कसून वाचणाऱ्याचा. ज्याची नक्कल करावयाची त्याच्या लकबी आधीं कानांत भराव्या लागतात. "छान आहे" म्हणणाऱ्या शंभर स्नेह्यांपेक्षां 'केशवकुमारां'नीं त्या कविता अधिक लक्षपूर्वक वाचल्या होत्या, ह्यांत संशय नाहीं.

आतां आमच्या बैठकींतील एक हकीकत सांगतों. दोन वर्षांपूर्वीं एक विद्यार्थी आला. घर शहराच्या पूर्व भागांतलें, विणकराचें. घरांत बोलणें तेलगू आणि कविता मराठींत. कविता लहानशी होती. यंत्रमागांच्या खडखडाटामुळें घरांतील सर्वांना ओरडून बोलण्याची सवय. एके रात्रीं वीज जाते. माग थांबतात, धोटा मध्येंच अडकून राहतो, आणि अंधारांत बाप हळू आवाजांत पाणी मागतो. मुलाला तो आवाज ओळखूं येत नाहीं. एवढीच कविता.

मंडळींनीं मनापासून अभिप्राय दिले. एक सेवानिवृत्त गृहस्थ म्हणाले, "धोटा हा शब्द फार रुक्ष. आणि शेवटीं समाजाला कांहीं सांगावयास नको का?" दुसऱ्या एकानें वृत्तांतील दोन ठिकाणच्या मात्रा मोजून दाखविल्या. एका बाईंच्या डोळ्यांसमोर चित्र उभें राहिलें. तें त्यांच्या डोळ्यांसमोर प्रत्येक कवितेच्या वेळीं उभें राहतें. मुलानें सारें वहींत उतरून घेतलें.

पुढच्या महिन्यांत त्यानें कविता पुन्हां आणली. धोट्याच्या जागीं 'कालचक्र' आलें होतें, वीज जाण्याच्या जागीं 'नियतीचा घाला' आला होता, आणि अखेरीस श्रमिकांना उद्देशून चार ओळी वाढल्या होत्या. वृत्त निर्दोष होतें. बाप मात्र कवितेंतून निघून गेला होता. ज्यांच्या सूचना त्यानें पाळल्या त्या मंडळींना कविता 'सुधारली' असें वाटलें. कारण तींत आतां त्यांना त्यांचाच चेहरा दिसत होता. स्वतः न लिहिलेली कविता दुसऱ्याकडून लिहवून घेण्याचा हा मोह अभिप्राय देणाऱ्याला फार सहज होतो, आणि तो त्याला औदार्य वाटतो हें विशेष. एकवीस वर्षांच्या मुलानें घरांतली एक गोष्ट आयुष्यांत पहिल्यानें बोलून दाखवावी, आणि ती बोलण्याची ही भाषा नव्हे, असें चार वडीलधाऱ्यांनीं त्याला प्रेमानें पटवावें! असा मुलगा कविता लिहिणें सोडतो तेव्हां कुणाला कळतही नाहीं.

दुसऱ्याच्या कवितेला हातच लावूं नये, असें आमचें म्हणणें नाहीं. एलियटची 'द वेस्ट लँड' १९२२ सालीं प्रसिद्ध झाली. तिचें हस्तलिखित १९७१ मध्यें छापून आलें, तेव्हां एझ्रा पौंडनें तिच्यावर कशी कात्री चालविली हें जगाला दिसलें. मूळ मजकूर जवळजवळ निम्म्यावर आला होता. इतकी काटछाट करूनही पौंडनें तिची पौंडची कविता केली नाहीं. जें एलियटचें नव्हतें, उसनें होतें, तेंच मुख्यतः गेलें. एलियटनें पुढें ती कविता पौंडला 'अधिक निष्णात कारागीर' म्हणून अर्पण केली. अर्थात् पौंड आमच्या बैठकींत येत नाहीं, म्हणून आमच्या मंडळींनीं कात्रीपेक्षां कानावर भर द्यावा हें बरें.

त्या मुलाला आम्हीं पहिला खर्डा पुन्हां वाचावयास लावला. मग तीन गोष्टी सांगितल्या. पहिली, 'धोटा मध्येंच अडकला' येथें आमचा श्वास अडकला. तो शब्द गेल्यावर तसें झालें नाहीं. दुसरी, एक प्रश्न: बापाचा आवाज ओळखूं आला नाहीं तो हळू होता म्हणून, कीं बापानें आजवर कुणापाशीं कांहीं मागितलेंच नव्हतें म्हणून? तिसरा दोष होता, तोही स्पष्ट सांगितला. दुसऱ्या कडव्यांत चांदण्याला गालिच्याची उपमा होती. ज्या घरांत रात्रंदिवस चादरी निघतात तेथें गालिचा कोठून आला? यमकासाठीं आला. मुलगा हसला. पंधरा दिवसांनीं तो आला तेव्हां धोटा परत आला होता, गालिचा गेला होता. प्रश्नाविषयीं तो म्हणाला, "सर, तें मलाही नक्की ठाऊक नाहीं. म्हणून तेवढें तसेंच ठेवलें." आम्हीं त्यावर अधिक कांहीं विचारलें नाहीं.

उर्दूंत ह्या व्यवहाराला 'इस्लाह' असें स्वतंत्र नांवच आहे. शागीर्दानें रचना उस्तादाकडे पाठवावी, उस्तादानें ती दुरुस्त करून परत करावी. मिर्झा गालिबकडे अशा रचना डाकेनें येत. सिकंदराबादच्या मुन्शी हरगोपाल 'तफ्ता' ह्यांच्या फारसी रचना तपासून गालिब त्यांना पत्रें लिहीत, आणि १८५७ च्या धामधुमीनंतरही हा पत्रव्यवहार चालू राहिला. दिल्ली उद्ध्वस्त झालेली, स्नेही परागंदा झालेले, आणि हा म्हातारा दुसऱ्याच्या ओळींवर विचार करीत बसलेला! ह्या रीतींत उस्तादाचा अधिकार आमच्या चवीला कांहींसा जास्त वाटतो. परंतु दुसऱ्याचा कागद वेळ काढून वाचावयाचा आणि परत पाठवावयाचा, ही शिस्त मात्र घेण्यासारखी आहे.

प्रत्येक कविता अभिप्रायासाठींच येते असेंही नाहीं. आमच्याकडे येणाऱ्या एक वृद्ध बाई दिवंगत पतीवर कविता लिहितात. त्यांत मात्रा ढळतात, उपमा शिळ्या असतात. एकदां एका तरुणानें उत्साहानें पेन्सील उचलली, तेव्हां त्या म्हणाल्या, "अरे बाळा, ही ऐकवायला आणली आहे." तेव्हांपासून आम्ही प्रथम कवीलाच विचारतों, "ह्या कवितेविषयीं बोलावयाचें आहे, कीं नुसती ऐकावयाची आहे?" नवखे लोक ह्या प्रश्नानें गडबडतात. बहुतेक "बोला" म्हणतात, आणि खुर्चीच्या कडेवर सरकून बसतात.

विणकराच्या मुलाची ती कविता अद्याप कोठें छापून आलेली नाहीं. दोन मासिकांनीं ती परत केली. एकानें कांहींच लिहिलें नव्हतें; दुसऱ्याच्या पत्रांत "कविता छान आहे" असें एक वाक्य होतें. त्यानें ती तिसरीकडे पाठविली आहे, धोट्यासकट.