तार किती वेळा वाकवली की तुटते?

खिडकीची सीट बाबांनी मागितली नव्हती, मीच हौसेने दिली. पुणे–नागपूर, जुलै महिना, बाबांचा पहिला विमानप्रवास. सीट नेमकी पंखामागची. ढगात शिरलो आणि पंखाचं टोक वरखाली व्हायला लागलं.

"पाय ना, कसं हालून राह्यलं ते!"

मी खुशीत सुरू झालो. पंख ताठ असता तर वाऱ्याचा प्रत्येक झटका सरळ आपल्या सीटपर्यंत आला असता. 2010 मध्ये बोइंगने 787 चे पंख, उड्डाणात येऊ शकेल त्या कमाल भाराच्या दीडपट भार देऊन, सुमारे 25 फूट वर वाकवले, तुटले नाहीत. 1995 मध्ये 777 चे पंख तर तुटेपर्यंत वाकवले. ते 154 टक्क्यांना तुटले.

बाबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "एकदाच वाकोले ना? तार एकदा वाकोली तर कुठी तुटते? दहा वेळा वाकोली का तुटते."

मी गप्प. माझी डिग्री कॉम्प्युटरची. पण बाबांच्या लेखी इंजिनिअर म्हणजे इंजिनिअर.

नागपूरला पाऊस होता. चाकं धाडकन टेकली, पंखावरचे पत्रे एकदम उभे राहिले आणि पंख खाली लचकला. बाबांनी माझं मनगट घट्ट धरलं. "तुटलं!"

तुटलं नव्हतं. ते पत्रे म्हणजे स्पॉयलर. ते उघडले की पंखाची उचल संपते, सगळं वजन चाकांवर येतं आणि ब्रेक नीट लागतात. ओल्या धावपट्टीवर फार अलगद टेकलं तर चाकं पाण्याच्या थरावरून घसरू शकतात, म्हणून पायलट मुद्दाम जरा ठामपणे टेकवतात. उतरताना सेकंदाला 10 फुटांचा वेग सोसेल अशीच चाकांची रचना करावी लागते. एरवी तो दोन-तीन फूट असतो. 10 फूट म्हणजे साधारण दीड फुटावरून सोडून दिल्यासारखं. किरकोळ वाटतं, पण साठ टनांची वस्तू सोडून बघा! मर्यादेपलीकडे आपटलं तर तपासणी झाल्याशिवाय विमान पुन्हा उडत नाही.

तारेचा प्रश्न मात्र डोक्यात राहिला. रात्री दारव्ह्याच्या घरी मोबाईल घेऊन बसलो. बाबांचंच बरोबर होतं. ॲल्युमिनियम प्रत्येक वाकण्याचा हिशेब ठेवतं. म्हणून उड्डाणं मोजतात, ठरलेल्या वेळी भेगा शोधतात. 787 चा एक अख्खा सांगाडा जमिनीवरच 1,65,000 उड्डाणांइतका ताणून पाहिला. अशी तपासणी-दुरुस्ती करणारं केंद्र तर नागपूरच्या मिहानमध्येच आहे, 2015 पासून. तिथल्याच टाटांच्या कारखान्यात 787 च्या जमिनीखालचे बीम बनले. आम्ही उतरलो त्याच्या बाजूलाच!

सकाळी चहाच्या वेळी सगळं सांगितलं.

"म्हंजे तुटते तर," बाबा म्हणाले.

"तुटायच्या आधी पकडतात."

बाबांनी मान हलवली. त्यांना पटलं होतं, चेहऱ्यावर दिसत होतं. दिवाळीनंतर मोतीबिंदूच्या ऑपरेशनला त्यांना पुण्याला यायचंय. मी तिकिटाचं ॲप उघडलं.

"समजलं मले सगळं," बशी खाली ठेवत ते म्हणाले. "पण तिकीट रेल्वेचं काढ. धामणगावाहून."