मातीचं कबूतर

"मगे मारतंस काय थंय? डुकर?"

दादाचा हा प्रश्न आला तेव्हा माझ्याकडे सकाळचे आठ वाजले होते. त्याच्याकडे संध्याकाळ होती आणि मागे मोरीवर कोणीतरी भांडी घासत होतं. मी बंदूक चालवायला शिकते आहे एवढंच त्याला कळलं होतं, तेही माझ्या मुलाकडून. आमच्या सिंधुदुर्गातल्या घरात बंदूक म्हटली की डुक्कर, हे उत्तर ठरलेलंच. आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची काडतुसाची बंदूक होती. भात पोटरीला आलं की रात्री रानडुकरं उतरायची आणि एका रात्रीत कुणगाच्या कुणगा लोळवून जायची. निवडणूक आली की ती बंदूक गोणपाटात गुंडाळून पोलीस ठाण्यात जमा करायची, निकाल लागला की परत आणायची. लोकशाहीशी माझी पहिली ओळख बहुधा हीच. एरवी ती माजघराच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून उभी असायची. मुलींनी तिला हात लावायचा नाही, असं कोणी सांगितल्याचं आठवत नाही. सांगायची गरजच नव्हती.

"डुक्कर नाही रे. मातीची ताटली. आभाळात उडवतात, ती फोडायची."

पलीकडे थोडा वेळ नुसता भांड्यांचा आवाज.

"मातयेची ताटली फोडूक पैसे दितंस?"

देते. दर बुधवारी देते. वय बासष्ट, औषधांच्या दुकानातली तीस वर्षांची नोकरी संपलेली, आणि ओहायोतल्या सिनसिनाटीपासून तासाभरावर, मक्याच्या शेतांमागे एक जुना क्लब. तिथे मला माझ्या शेजारणीने नेलं. ती जन्मभर शाळेची बस चालवून निवृत्त झालेली. "घरात बसून तुझा चेहरा लांब होत चाललाय," म्हणाली. मी नको म्हणायला तोंड उघडलं, आणि तोंडातून निघालं, बघायला येते.

बघायला गेलेली बाई पहिल्याच दिवशी पंचवीस काडतुसं उडवून आली. ताटल्या फुटल्या तीन.

खेळाचं नाव ट्रॅप, सांगायला अगदी सोपा. जमिनीत अर्धं गाडलेलं एक बुटकं घर, त्यात ताटल्या फेकणारं यंत्र. घरामागे १६ यार्डांवर पंख्यासारख्या मांडलेल्या पाच जागा आणि पाच माणसं. प्रत्येकाने आपल्या पाळीला एकच बार काढायचा. एका जागेवर पाच झाले की सगळ्यांनी एक घर उजवीकडे सरकायचं. पाच घरं फिरून झाली की २५ पुरे होतात, आणि काडतुसांचा खोकाही नेमका २५ चाच असतो. आपण "पुल!" म्हणून ओरडलं की घरातून नारिंगी ठिपका सुटतो. यंत्र आत सतत डावी-उजवीकडे डोलत असतं, त्यामुळे ठिपका कुठल्या बाजूला जाणार हे कोणालाच ठाऊक नसतं. जेमतेम सेकंदभर हातात असतो. त्याच्या पुढे गेलं तर ताटली लहान होत होत गवताकडे झुकते आणि मागच्या उंच खुर्चीवर बसलेला गुण लिहिणारा माणूस म्हणतो, "लॉस्ट."

फुटली तर आमच्याकडे तो काहीच म्हणत नाही. त्या पहिल्या दिवशी तो शब्द मी बावीस वेळा ऐकला. आवाजात राग नाही, कीव नाही. फलाटावर गाडीची घोषणा करावी तसा.

ताटली म्हणते मी, पण ती पालथ्या बशीसारखी असते: अकरा सेंटिमीटरचा व्यास, वजन शंभर ग्रॅमच्या आसपास, वर नारिंगी घुमट. आणि मातीची तर ती आता नसतेच. डांबराच्या जातीचं पिच आणि चुनखडीची पूड एकत्र करून ती ओततात. यंत्राचा फटका सोसण्याइतकी टणक आणि चार छर्रे लागले की विखरण्याइतकी ठिसूळ, एवढं गणित तिच्यात घातलेलं असतं. औषधाच्या गोळीचंही असंच असतं. बाटलीत फुटता कामा नये, पोटात फुटली पाहिजे. तीस वर्षं मी अशाच वस्तू विकल्या, त्यामुळे या ताटलीबद्दल मला पहिल्यापासून आपलेपणा वाटला.

शिकवणारे गृहस्थ ट्रॅक्टर दुरुस्त करणारे. त्यांनी पहिल्यांदा मला दोन्ही तळव्यांची त्रिकोणी खिडकी करायला लावली. त्यातून लांबचा खांब बघ म्हणाले, मग एकेक डोळा मीट. उजवा डोळा मिटला तरी खांब जागच्या जागी, डावा मिटला की गायब. म्हणजे हात उजवा आणि मालकी डाव्या डोळ्याची. जन्मभर दोन डोळ्यांनी बघत आले आणि त्यातला कारभारी कोण हे बासष्टाव्या वर्षी एका मेकॅनिकने सांगितलं. त्यांनी माझ्या चष्म्याच्या डाव्या काचेवर धुरकट पट्टीचा एक तुकडा चिकटवला. पुढच्या फेरीत नऊ फुटल्या.

दुसरा धक्का शब्दाचाच होता. आपण नेमबाजी म्हणतो, पण इथे नेम धरलास की चुकलास. एक डोळा मिटून नळीच्या टोकावरचा मणी आणि लक्ष्य एका रेषेत आणायचं, हे रायफलवाल्यांचं काम. त्यांचं लक्ष्य जागचं हलत नाही. इथे दोन्ही डोळे उघडे, नजर फक्त ताटलीवर, आणि बंदूक बोटासारखी तिच्याकडे दाखवायची. एक क्षण जरी मण्याकडे बघितलं की बंदूक थबकते आणि ताटली निघून जाते. "थांबू नकोस," मेकॅनिक सारखे म्हणायचे, "चाप ओढल्यावरही फिरत राहा." हे मला त्यांच्या भाषेत कळलंच नाही. कळलं ते विटी-दांडू आठवल्यावर. उडालेल्या विटीला टोला हाणताना दांडू तिच्यापाशी थांबवला तर टोला बसतो का? तो पलीकडे जाऊ द्यावा लागतो. विटी-दांडू मात्र मुली खेळल्या तर चालायचं, निदान आमच्या अंगणात.

पुण्याची भाची म्हणाली, "म्हणजे अर्जुनासारखं, पक्ष्याचा डोळा!" तिला सांगितलं, बाई गं, द्रोणाचार्यांनी झाडावर ठेवलेला तो पक्षीही कारागिरांनी घडवलेला खोटाच होता, आणि मुख्य म्हणजे बसलेला होता. आमचा बसत नाही.

मग दादाने कोल्हापूरच्या मुलींचं उदाहरण दिलं. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत ही नावं तो वर्तमानपत्रांतून पाठ करून होता. त्या रायफल आणि पिस्तूलवाल्या. महाराष्ट्राने नेमबाजीत नाव काढलं ते मुख्यतः त्याच बाजूला. उडत्या ताटलीकडे आपल्याकडे फार काळ राजेरजवाड्यांचीच पावलं वळली. बिकानेरचे महाराजा करणी सिंह पाच ऑलिंपिकना गेले आणि १९६२ च्या कैरोच्या जागतिक स्पर्धेत त्यांनी ट्रॅपमध्ये रौप्य आणलं. नंतर २००४ मध्ये अथेन्सला राज्यवर्धन राठोड यांनी डबल ट्रॅपचं रौप्य मिळवलं, ते लष्करातून आलेले. हे सगळं वाचून मी बुधवारी गेले तर माझ्या डाव्या हाताला नळ बसवणारा आणि उजव्या हाताला बसवाली शेजारीण. कोणाच्याही घराण्यात हत्ती नव्हता.

एका गोष्टीबद्दल मात्र खोटं बोलणार नाही. या देशात बंदूक हातात घेताना मला लाज वाटली होती. इथल्या बातम्या मी तीस वर्षं बघते आहे. मुलगा शाळेत असताना वर्गाची दारं बंद करून कोपऱ्यात गप्प बसायचा सराव करून यायचा आणि जेवताना ते सहज सांगायचा. ती लाज पूर्ण गेलेली नाही, जाऊही नये. क्लबात एक नियम आहे: आपली पाळी नसेल तेव्हा बंदूक मध्यावर मोडून, उघडी करून हातावर टाकायची. सगळीजणं तशीच वावरतात, हातावर वाळत घातलेलं पांघरूण असावं तशी. समोरच्याच्या बंदुकीच्या नळीतून पलीकडचं आभाळ दिसतं. मला या खेळात राहू दिलं ते त्या गोल आभाळाने, असं म्हणायला हरकत नाही. घरी ती कुलपात असते आणि काडतुसं दुसऱ्या कुलपात.

पण खेळ जुना झाला तसे मला त्यातले शब्द टोचायला लागले. ताटलीला इथे कोणी ताटली म्हणत नाही, म्हणतात 'बर्ड'. यंत्रातून तुकडाच बाहेर आला तर 'नो बर्ड'. आणि 'पुल' म्हणजे ओढ. काय ओढ?

ओढायची ती दोरी. पूर्वी पेटीत जिवंत कबूतर ठेवायचे. दोरी ओढली की झाकण पडायचं, पक्षी उडायचा आणि बंदूक वाट बघत असायची. ती पेटी म्हणजे ट्रॅप. १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकच्या वेळी जिवंत कबुतरांची स्पर्धासुद्धा झाली. बेल्जियमच्या लेओन द लुंडेन यांनी २१ पाडून ती जिंकली. अमेरिकेत तोवर पर्याय निघाले होते. काचेचे गोळे उडवायचे, काहींच्या आत पिसं भरलेली असत, म्हणजे फुटल्यावर डोळ्यांना सवयीचं काहीतरी उडताना दिसावं. या पिसांपाशी मी बराच वेळ थांबले. पक्षी नको, पण पिसं हवीत.

आणि मग १८८० साली सिनसिनाटीच्या जॉर्ज लिगॉव्स्की यांनी चपटी मातीची ताटली आणली. पोरं पाण्यावर शिंपले भिरकावत होती ते बघून त्यांना सुचलं, असं सांगतात. म्हणजे भाकऱ्या! आम्ही ओहोळावर चपटे दगड घेऊन ज्या काढायचो त्याच. सुरुवातीच्या त्या ताटल्या खरोखर भाजलेल्या मातीच्या होत्या, आणि इतक्या कडक की छर्रा लागला तरी न फुटता घंटेसारख्या वाजायच्या. पुढे पिच आलं आणि त्या नीट फुटायला लागल्या.

सिनसिनाटीतच एक प्राणिसंग्रहालय आहे. मुलगा लहान असताना आम्ही तिथे कितीदा गेलो असू. हत्ती, जिराफ, आइस्क्रीम, परत. तिथे एका बाजूला वळणदार छपराचं छोटं जपानी धाटणीचं घर आहे, त्याच्या आत मी कधी डोकावले नव्हते. गेल्या शरद ऋतूत एकटी गेले. १ सप्टेंबर १९१४ ला या बागेत मार्था नावाची कबुतरी मेली, आणि तिच्याबरोबर पॅसेंजर पिजन ही जातच संपली. कधीकाळी त्यांचे थवे इतके मोठे असत की दिवसा आभाळ झाकोळून जायचं, अब्जांत मोजावी अशी संख्या. त्यांना ट्रॅपने संपवलं असं म्हणता येणार नाही. मांसाच्या बाजाराने संपवलं, थवा कुठे उतरला ते कळवणाऱ्या तारायंत्राने आणि मेलेले पक्षी भरून नेणाऱ्या रेल्वेने, तोडलेल्या जंगलांनी. पण दोरीच्या पेट्यांमध्ये त्याच जातीचे पक्षी हजारोंनी भरले जात, हेही खरं. ते मिळणं अवघड होत गेलं, म्हणूनही काच आली, माती आली.

म्हणजे कबुतराची नक्कल याच गावात घडली आणि शेवटचं अस्सल कबूतरही याच गावात गेलं. मधे चौतीस वर्षं. मार्थाला बर्फाच्या लादीत गोठवून वॉशिंग्टनला पाठवलं. त्या घराच्या दारात उभी राहून मी ठरवायचा प्रयत्न केला की आता मला काय वाटलं पाहिजे. बुधवारी जाऊ नये असं वाटलं पाहिजे, हे उघड होतं. ते वाटेना. उलट वाटलं की बरं झालं, ती ताटली वेळेवर सुचली. आणि मग वाटलं, वेळेवर कुठे.

बुधवारी गेले. एकोणीस.

याच ओहायोच्या डार्क काउंटीत नेमबाज ॲनी ओकली जन्मली. बाप लहानपणीच गेला, पोर रानात शिकार करून घर चालवायची. पुढे देशोदेशी तिचे खेळ झाले, पण मला तिची एकच गोष्ट पुरते: १९२२ साली, साठी उलटल्यावर, तिने १६ यार्डांवरून ओळीने शंभर ताटल्या फोडल्या. तिच्या तरुणपणीच्या चित्रविचित्र करामतींवर विश्वास ठेवायला मन कचरतं. यावर मात्र लगेच बसतो, कारण ते १६ यार्ड माझे आहेत. पंचविसाव्या ताटलीला माझा खांदा कसा होतो ते मला माहीत आहे. पहिल्या महिन्यात तिथे जांभळाएवढा डाग पडला होता आणि मी तो आरशात रोज बघायचे, काहीशा कौतुकाने.

फोडण्यात सुख आहे, हे कबूल करायला हवं. एक तुकडा उडतो तेव्हा तेवढं नाही. पण कधीतरी सगळं जुळतं, बंदुकीचा आवाजही कानात शिरत नाही आणि ठिपक्याच्या जागी काळ्या धुराचा एक गोळा तेवढा उरतो. तो वाऱ्यावर सरकत जातो. मागची खुर्ची गप्प असते. जन्मभर मी वस्तू जपल्या. काचेच्या बाटल्या, स्टीलची भांडी, लोकांची प्रिस्क्रिप्शनं, लोकांची मनं. फुटावं म्हणूनच केलेली एक वस्तू हातून नीट फुटली की काय वाटतं ते दादाला सांगता आलं नाही. त्याला म्हटलं, दहीहंडी समज. ते त्याला पटलं.

एप्रिलमध्ये बर्फ गेल्यावर क्लबात साफसफाईचा दिवस असतो. आम्ही पोती घेऊन शेताच्या कडेपर्यंत जातो. ओल्या गवतात नारिंगी-काळ्या खापऱ्या, जिकडेतिकडे. त्यात एक ताटली अख्खी सापडली. हिवाळाभर बर्फाखाली राहिलेली, कडेला चिखल, घुमटाचा रंग थोडा उतरलेला, पण कुठे तडा नाही, छर्र्याचा ओरखडाही नाही. कोणाच्या तरी नावापुढे ती कधीच 'लॉस्ट' लागलेली. माझ्याही असेल. मी ती कोटाच्या खिशात घातली, घरी येऊन धुतली आणि ओट्यावर ठेवून दादाला फोटो पाठवला.

त्याचा लगेच फोन.

"ही फुटूक नाय?"

"नाही."

"मगे ठेव गो ती. फोडू नको."