गॅस कुठे गेला?

अकोला,
रविवार रात्र

चि. बाळ,


दुपारी तू घाईत होतीस, मागे पिल्लू रडत होतं, म्हणून फोनवर सगळं बोलता आलं नाही. गाडीच्या एसीत गॅस भरायला उद्या गॅरेजवाल्याला लगेच हो म्हणू नकोस, एवढंच सांगितलं. का, ते लिहितो.

एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून जात नाही. कॉम्प्रेसर तो दाबतो. पुढच्या कंडेन्सरमध्ये उष्णता बाहेर टाकून त्याचा द्रव होतो. एक्स्पान्शन वॉल्व्हच्या बारीक तोंडातून सुटला की तो एकदम गार पडतो. आणि डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये गाडीतली उष्णता घेऊन पुन्हा वायू होऊन परततो. वाट बंद आहे. रबरी नळ्यांतून वर्षानुवर्षं थोडा झिरपतो खरा, पण दर उन्हाळ्याला भरावा लागेल इतका नाही. तुला सलग तिसऱ्या वर्षी ‘गॅस संपलाय’ सांगताहेत, म्हणजे गेली दोन वर्षं तो कुठून गेला हे कुणी शोधलेलंच नाही.

वर्धा रोडवर गार लागतं आणि सिग्नलला थांबलं की गरम, असं तू म्हणालीस. गॅस कमी असला तरी असं होतं, आणि कंडेन्सरचा पंखा बंद असला तरी होतं, कारण गाडी पळताना वारा आपोआप मिळतो. म्हणून आधी फुकटची तपासणी. सकाळी बॉनेट उघड, इंजिन चालू ठेवून एसी लाव. ओढणी आणि केस दूर ठेव. कॉम्प्रेसरचा क्लच ‘टक’ करून धरतो का? पंखा फिरतो का? कंडेन्सरच्या जाळीत माती, किडे बसलेत का? पंख्याचा रिले बिघडला असेल, तर काम तिथेच संपलं.

पंखा ठीक असेल तर गेज लावायला सांग. इथे एक फसवी गोष्ट आहे. गाडी बंद असताना, चाळीस अंशाच्या उन्हात, सुई १३० पीएसआयच्या आसपास दाखवते. ती बघून ‘गॅस आहे की’ म्हणणारे मी खूप पाहिलेत. आत थोडासाही द्रव शिल्लक असेल तोवर सुई तेवढंच दाखवणार. गॅस किती आहे ते त्यावरून कळत नाही, म्हणून इंजिन चालू असतानाच बघायचं. एक सुई कमी दाबाच्या बाजूची, म्हणजे लो साइड; दुसरी जास्त दाबाची, हाय साइड. दोन्ही बाजू कमी, तर बहुधा गॅस कमी. लो साइड वर आणि हाय साइड खाली, तर कॉम्प्रेसर दाब धरत नाही. हाय साइड फारच वर, तर कंडेन्सरला वारा नाही किंवा गॅस जास्त भरलाय.

आता गळती. गॅससोबत आत तेलही फिरतं. गॅस गळतो तिथे तेलाचा ओला डाग राहतो आणि त्यावर धूळ चिकटते. हे मी एका माणसाचं नुकसान करून शिकलो. शेगावच्या फेऱ्या मारणाऱ्या एका टुरिस्ट गाडीचा गॅस महिन्याभरात जायचा. मी कूलिंग कॉइल लीक आहे असं ठरवून अख्खा डॅशबोर्ड उतरवला, कॉइल बदलली. महिन्याने तो परत आला. तेव्हा गेज जोडायच्या सर्व्हिस पोर्टचं टोपण काढून बघितलं, तर आत काळा तेलकट चिखल. पोर्टच्या वॉल्व्हची पिन गळत होती. काही रुपयांची पिन! कॉइलचे पैसे मी त्याला परत दिले, पण त्याचे सीझनचे चार दिवस बुडाले ते मला देता आले नाहीत. तेव्हापासून टोपणं, जोडांच्या ओ-रिंग आणि कंडेन्सरचे कोपरे बघितल्याशिवाय मी डॅशबोर्डला पाना लावला नाही.

डाग दिसला नाही तर नायट्रोजन भरून साबणाचा फेस लावायला सांग. गळती बंद झाल्यावर किमान अर्धा तास व्हॅक्यूम, आणि पंप थांबवल्यावर सुई हलता कामा नये. घाईत हेच टाळलं जातं. आत ओल राहिली तर ती एक्स्पान्शन वॉल्व्हच्या तोंडाशी गोठते आणि गारवा येत-जात राहतो. गॅस वजनावरच भरायचा. किती ग्रॅम ते बॉनेटखालच्या स्टिकरवर असतं. अंदाजाने जास्त भरला तरी गारवा कमीच होतो. स्वस्तात मिळतो म्हणून एलपीजीचं मिश्रण मात्र अजिबात घेऊ नकोस. ते पेटतं, आणि मागच्या सीटवर पिल्लू बसतं.

आणखी एक, जे मला आताशा झोपताना आठवतं. आम्ही शिकलो तेव्हा एसीतला आर-१२ गॅस सरळ हवेत सोडून द्यायचो. ओझोनसाठी १९८७ साली माँट्रियलचा करार झाला, तो गॅस गेला, आर-१३४ए आला. तो ओझोनला इजा करत नाही, पण शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट उष्णता धरतो. म्हणजे चारशे ग्रॅम गळला, तर साडेपाचशे किलोहून जास्त कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं. तुझ्या गाडीतून दोनदा गेलाय. उरलेला गॅस हवेत न सोडता मशीनने काढून घ्यायला सांग.

उद्या गेज लागले की दोन्ही सुयांचे आकडे आणि बाहेरचं तापमान कागदावर लिहून घे, आणि मला फोन कर. टोपणं उघडून आतला फोटोही पाठव.

पिल्लूला गोड पापा.

तुझे
बाबा