न काढलेला सीटी

याला कुणी कधी मशीनमधून काढलेलं नाही. तरी रेडिएशनच्या प्लॅनिंगच्या पडद्यावर हा अस्सल सीटी स्कॅनच्या थाटात बसतो: पांढरी हाडं, करडे स्नायू, काळी हवा. नाव सिंथेटिक सीटी. जन्म एमआरआयच्या पोटी. सीटीशी संबंध आला तो शिकवणीपुरता.

थोरल्या दोघांचं प्रत्येकाचं एकेक अंग लंगडं, म्हणून याची गरज पडली. एमआरआयला प्रोस्टेटची कड लख्ख दिसते, पण त्याचं सगळं लक्ष पाण्या-चरबीतल्या हायड्रोजनकडे. किरण कुठे किती अडेल, हे त्याला विचारू नये. तो हिशोब सीटीकडे हाउन्सफील्डच्या आकड्यांत तयार असतो: पाणी 0, हवा उणे 1000, घट्ट हाड हजाराच्या घरात. मऊ भागांत मात्र सीटी चाचपडतो. म्हणून दोन्ही स्कॅन काढून एकमेकांवर बसवायची रीत पडली. पण मधल्या वेळात मूत्राशय भरतं, आतडं सरकतं, आणि जुळणीत एखाद-दोन मिलिमीटर निसटतात. प्लॅनमध्ये शिरलेली ती चूक मग रोजच्या उपचारात तशीच येत राहते.

हा आला की जुळणीचा प्रश्नच मिटतो. एकाच रुग्णाचे एमआरआय आणि सीटी, अशा कित्येक जोड्या पाहून न्यूरल नेटवर्क शिकतं आणि नव्या एमआरआयवरून घनतेचे आकडे भरतं. खरी कसोटी हाडाची. नेहमीच्या एमआरआयवर हाडाचं कवचही काळं आणि हवाही काळीच. हा शेजारपाजार बघून ठरवतो: खुब्यापाशी कवच, नाकामागे पोकळी. ओटीपोटात याच्यावर काढलेला डोस खऱ्या सीटीवरच्या डोसशी साधारण एका टक्क्याच्या आत जुळतो. उट्रेक्टला 2017 मध्ये 1.5 टेस्लाच्या एमआर-लिनॅकवर, म्हणजे एमआरआय आणि किरण देणारं यंत्र एकत्र असलेल्या जोडयंत्रावर, पहिल्या रुग्णांवर उपचार झाले. अशा यंत्राच्या टेबलावर सीटी नसतोच. त्या दिवसाच्या एमआरआयवरून प्लॅन बदलायचा, तर घनता एकतर जुन्या सीटीवरून उसनी घ्यावी लागते, नाहीतर याच्यासारख्याकडून मागावी लागते.

खोड एकच, पण वाईट. याला ‘माहीत नाही’ म्हणता येत नाही. नाक्यावरच्या काही माणसांना पत्ता विचारला, की ठाऊक नसला तरी ते ठामपणे हात दाखवतात, त्यातलाच हा. खुब्यात धातूचा सांधा असो की शिकवणीत कधी न पाहिलेली शरीररचना, चेहऱ्यावरची रेघ न हलवता हा तिथे नीटस हाड काढून देतो. प्रोस्टेटमध्ये रोवलेले सोन्याचे मार्कर पुसूनही टाकतो. ते मूळ एमआरआयवर वेगळे शोधावे लागतात.

म्हणून जाणते फिजिसिस्ट याच्या देखणेपणावर जात नाहीत. तोच प्लॅन खऱ्या सीटीवर आणि याच्यावर मोजून, डोस जुळतो का तेवढंच पाहून, मग याला कामावर घेतात. किंचित धूसर पण हिशोबाला पक्का असलेला चालतो. रेखीव चेहऱ्याने नसलेलं हाड दाखवणारा चालत नाही, कारण किरण चित्राच्या रेखीवपणापुढे थांबत नाहीत.